लिनक्सला कॅमेरा दिसतो, पण हाती लागत नाही

तिरपा_प्रकाश (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

घरातल्या जुन्या अल्बममधल्या फोटोंच्या डिजिटल प्रती करायचं काम हाती घेतलंय. बरेचसे फोटो पानांना असे चिकटलेत की ओढायला गेलं तर कागदाचा पापुद्रा सुटतो, त्यामुळे स्कॅनर बाद. म्हणून जुना डीएसएलआर स्टँडवर तोंड खाली करून लावलाय आणि अल्बम त्याच्याखाली पसरतो. हाताने शटर दाबलं की स्टँड हलतो. तेव्हा कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोटो लॅपटॉपवरूनच काढायचा, असा बेत आहे.

लॅपटॉपवर लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉप. टर्मिनलवरून कॅमेरा चालवणारं जीफोटो२ टाकलंय. केबल जोडल्यावर कधी डेस्कटॉपवर कॅमेऱ्याचं चिन्ह उमटतं, कधी काहीच होत नाही. चिन्ह आलं तर आतले फोटो दिसतातही, पण टर्मिनलवरून फोटो काढायची कमांड दिली की एरर. कॅमेरा बिघडला म्हणावं तर फोटो उत्तम निघताहेत.

सुरुवात कुठून करू? ‘कार्ड काढून रीडरमध्ये घाला’ हे उत्तर मला चालणार नाही, कारण वर दिलेलंच आहे.

घाईत_आहे

कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, विषय संपला. कशाला केबलच्या नादी लागताय?

सोमवारची_सुट्टी

+१. कार्ड रीडर झिंदाबाद.

निळी_शाई

वरच्या दोघांनी धाग्याचं शेवटचं वाक्य वाचायची तसदी घ्यावी, ही नम्र विनंती.

घाईत_आहे

वाचलं होतं. तरी सांगितलं. :)

टर्मिनलबुवा

‘कधी येतं, कधी येत नाही’ आणि ‘आलं तरी एरर’ ही दोन वेगळी दुखणी असावीत, असा मला दाट संशय आहे. एकत्र धरलीत तर एकाचाही पत्ता लागणार नाही.

आधी बघायचं ते एवढंच, की यूएसबीवर काहीतरी आलंय हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळतंय का. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा, कर्नलचे निरोप येतील तसे दिसतील. (हल्ली बऱ्याच डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांवर, डीमेसेजला सुडो, म्हणजे ॲडमिनचे हक्क लागतात.) मग केबल जोडा, कॅमेरा ऑन करा आणि ज्या ओळी पडतील त्या इथे डकवा. काहीच पडलं नाही तर तेही सांगा, ती पण माहितीच आहे. नंतर ‘एलएसयूएसबी’ चालवून जोडलेल्या यूएसबी वस्तूंच्या यादीत कॅमेरा आहे का बघा. कंपनीचं नाव नाही दिसलं तरी आयडीवरून कळतं: कॅननचा ०४ए९, निकॉनचा ०४बी०, सोनीचा ०५४सी.

हे होईपर्यंत जीफोटो, डिजिकॅम, डार्कटेबल अशा फोटोंच्या कुठल्याच प्रोग्रॅमला हात लावू नका. कर्नललाच दिसत नसेल तर वरचे प्रोग्रॅम बिचारे काय करणार?

विंडोफोड

विंडोज टाका.

सोमवारची_सुट्टी

आला! मी वाटच बघत होतो.

अधांतरी

केबल कुठली वापरताय? जुन्या डीएसएलआरना बहुतेक मिनी-बी सॉकेट असतं, तेच जाडसर, पाच पिनांचं. या केबली घरात कुठल्या कुठल्या वस्तूंबरोबर येऊन पडलेल्या असतात आणि त्यातल्या काही निव्वळ चार्जिंगच्या असतात. बाहेरून काहीही फरक दिसत नाही. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा लागतात: वीज, ग्राउंड आणि डेटाच्या दोन. चार्जिंगवालीत डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. अशी केबल लावून तुम्ही जन्मभर डीमेसेज बघत बसलात तरी एक ओळ उमटायची नाही.

ओळखायची सोपी पद्धत म्हणजे ती केबल चालणारी दुसरी एखादी डेटाची वस्तू जोडून बघणं. जुना एमपी३ प्लेअर, बाहेरची हार्ड डिस्क, काहीही. तिथेही लॅपटॉप गप्प राहिला तर ती केबल चार्जिंगच्या कामाला ठेवा, किंवा सरळ टाकून द्या. परत ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर पुढच्या वेळी हमखास तीच हाताला लागणार.

आणखी एक. काही कॅमेऱ्यांचं सॉकेट दिसायला मिनी यूएसबीसारखं पण कंपनीचं स्वतःचं असतं. तिथे दुसरी केबल रेटून बसवू नका.

तिरपा_प्रकाश

सगळ्यांचे आभार. करून बघितलं.

माझ्याकडे दोन केबली आहेत. पहिलीवर डीमेसेज ठार गप्प. दुसरी कॅमेऱ्याबरोबर आलेली, तिच्यावर कधी कधी असं येतं:

न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७ यूझिंग एक्सएचसीआय_एचसीडी
डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१
डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१

आणि शेवटी ‘अनेबल टू एन्युमरेट यूएसबी डिव्हाइस’. कधी मात्र एरर न येता सरळ कॅमेऱ्याचं नाव येतं. लॅपटॉपला पोर्ट कमी, म्हणून मध्ये हब आहे आणि हबला स्टँडपर्यंत पोचणारी एक्स्टेंशन.

अधांतरी

पहिली केबल बाद. दुसरीबद्दल बुवा बोलतीलच, पण ती एक्स्टेंशन आधी काढा.

टर्मिनलबुवा

-७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर. पलीकडून काहीतरी येतंय, पण वाटेत ते इतकं खराब होतंय की कर्नलला त्याचा अर्थ लागत नाही. या जागी -११० आला असता तर तो टाइमआउट, म्हणजे हाक मारली पण वेळेत ओ आली नाही. दोन्हींत संशय आधी तारेवर, सॉकेटवर आणि हबवर घ्यायचा, सॉफ्टवेअरवर नाही. इथे पॅकेजं काढून परत टाकण्यात लोक अख्खी संध्याकाळ घालवतात आणि दोष असतो सैल झालेल्या सॉकेटचा.

यूएसबी २.० ला केबलची मर्यादा ५ मीटर आहे, पण ती चांगल्या केबलची. मधल्या प्रत्येक जोडावर सिग्नल थोडा खचतो. हब आणि एक्स्टेंशन दोन्ही काढा, कॅमेऱ्याची केबल थेट लॅपटॉपला लावा, हवं तर लॅपटॉप स्टँडजवळ सरकवा. (डेस्कटॉपवाल्यांसाठी: कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा.) कॅमेऱ्याच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. रबरी झाकणाआड धूळ साचते आणि प्लग पूर्ण आत जात नाही.

एक सुटसुटीत परीक्षा: डीमेसेज चालू ठेवून केबल कॅमेऱ्यापाशी हलकेच हलवा. हलवल्याबरोबर ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ पडलं तर दोष तिथेच.

कर्नलकाकू

माझी एक पुस्ती. बॅटरीही बघा. जुन्या डीएसएलआरची बॅटरी यूएसबीवर चार्ज होत नाही, उलट जोडलेला असताना कॅमेरा जागा राहून ती खातो. मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ असेल तर तो बंद करा, नाहीतर पान उलटून अल्बम सरळ करेपर्यंत कॅमेरा झोपलेला असायचा. लॅपटॉपवर टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम) असेल तर तेही मध्येच यूएसबी निजवतं. त्याच्या सेटिंगमधल्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये (वगळायच्या यादीत) कॅमेऱ्याचा आयडी टाकता येतो.

आणि विंडोफोड यांस: माझ्या जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. लिनक्सवर तोच कॅमेरा काहीही न टाकता जोडला जातो. तेव्हा सल्ला परत घ्यावा.

विंडोफोड

काकू, ह.घ्या. (हलकेच घ्या). मी स्वतः डेबियनवरून लिहितोय. :)

नवी_पाटी

बाळबोध प्रश्न आहे, राग मानू नका. माझा कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा उघडतो, बहिणीचा तसा उघडत नाही, तिथे काहीतरी वेगळीच खिडकी येते. असं का? आणि धागाकर्त्याचा कुठल्या प्रकारचा?

कर्नलकाकू

प्रश्न मुळीच बाळबोध नाही, निम्मा घोळ इथेच असतो.

यूएसबीवर कॅमेरा दोन प्रकारे बोलू शकतो. एक म्हणजे मास स्टोरेज. यात कॅमेरा ‘मी एक डिस्क आहे’ एवढंच सांगतो, कार्ड पेन ड्राइव्हसारखं माउंट होतं आणि आत डीसीआयएम फोल्डर दिसतं. दुसरा पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल. यात डिस्क कुठेच नसते. संगणक कॅमेऱ्याला विचारतो, ‘तुझ्याकडे काय काय आहे?’, कॅमेरा यादी देतो, मग एकेक फाइल मागून घ्यायची. फोनमुळे माहीत झालेला एमटीपी हा याच पीटीपीचा विस्तार.

म्हणून पीटीपीतला कॅमेरा ‘माउंट’ कमांडने किंवा ‘एलएसबीएलके’त (डिस्कांच्या यादीत) शोधून सापडणार नाही, त्याला ‘/डेव्ह/एसडीबी’ वगैरे काही मिळतच नाही. खूप जण तिथे शोधतात आणि लिनक्सला कॅमेरा दिसत नाही म्हणून धागा काढतात. लिनक्सवर हे काम लिबजीफोटो२ ही लायब्ररी करते. जीफोटो२, डिजिकॅम, डार्कटेबल, एन्टँगल आणि तुमचा फाइल मॅनेजर, सगळे आतून तिलाच हाक मारतात.

काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत दोन्हींतला एक निवडता येतो. फक्त फोटो उतरवायचे तर मास स्टोरेज ठेवा, झंझट कमी. पण संगणकावरून शटर दाबायचं तर मास स्टोरेज कामाचं नाही, कारण डिस्कला कोणी ‘फोटो काढ’ असं सांगू शकत नाही. धागाकर्त्यांना पीटीपीच हवा. काही कॅमेऱ्यांत यासाठी पीसी रिमोट असा तिसरा पर्याय वेगळा असतो, तो असेल तर तोच निवडा. वाय-फाय असलेल्या काही मॉडेलांत वाय-फाय चालू असताना यूएसबी बंद राहतं, तेही तपासावं.

नवी_पाटी

वाखूसा (वाचनखूण साठवली). एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

झब्बू

थोडं अवांतर. कार्ड रीडर पार्टीला खूश करण्यासाठी सांगतो, रीडरमध्येही सगळं आलबेल नसतं. ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट (फाइली साठवायची एक पद्धत) असतात. कर्नलमध्ये एक्सफॅट ५.४ पासून आलं, २०१९ च्या शेवटी, आणि नीट म्हणावं असं ५.७ मध्ये. एखाद्या जुन्या मशीनवर जुना कर्नल असेल तर रीडर दिसेल, कार्ड दिसेल आणि माउंट मात्र होणार नाही. तिथे फ्यूजवालं, म्हणजे कर्नलबाहेर चालणारं, एक्सफॅट पॅकेज टाकावं लागतं.

घाईत_आहे

म्हणजे आता रीडरचाही भरवसा नाही. फिल्मवर जावं हे उत्तम.

सोमवारची_सुट्टी

फिल्म लिनक्सवर चालते का?

तिरपा_प्रकाश

प्रगती आहे. हब आणि एक्स्टेंशन काढली, सॉकेट साफ केलं. -७१ गायब, केबल हलवली तरी डिस्कनेक्ट होत नाही. एलएसयूएसबीत कॅमेरा दर वेळी दिसतोय आणि ‘जीफोटो२ --ऑटो-डिटेक्ट’ मॉडेलचं नाव बरोबर सांगतं.

पण ‘--कॅप्चर-इमेज-अँड-डाउनलोड’ दिलं की:

कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस (-५३)

म्हणजे बुवांचं खरं ठरलं, दुखणी दोन होती. पहिलं गेलं. आता?

पळवाट

सुडो लावून चालवा. परमिशनचा प्रश्न आहे.

टर्मिनलबुवा

पळवाट, नाही हो. -५३ वर सुडोचा उपयोग नाही. रूट (सर्वाधिकारी यूजर) असलात तरी दुसऱ्याने धरलेला इंटरफेस तुम्हाला मिळत नाही. उलट सुडोने उतरवलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढचा धागा ‘माझेच फोटो मला डिलीट करता येत नाहीत’ असा निघतो.

यूएसबी वस्तूचा एक इंटरफेस एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असतो. ताब्यात घेणं यालाच क्लेम म्हणायचं. तो आधीच कोणीतरी केलाय. कोणी, ते बघून घेऊ, अंदाजपंचे नको.

‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. झाडासारखी यादी येईल. त्यात क्लास=इमेजिंग असलेली ओळ शोधा आणि तिच्यातलं ड्रायव्हर वाचा. मोकळ्या पीटीपी कॅमेऱ्यासमोर ड्रायव्हर रिकामा असतो किंवा नन लिहिलेलं असतं, कारण त्याला कर्नलचा ड्रायव्हर लागतच नाही. तिथे यूएसबीएफएस दिसलं तर समजा, एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेरा धरून ठेवलाय.

मग साध्या एलएसयूएसबीतून बस आणि डिव्हाइसचे आकडे घ्या. समजा बस ००१, डिव्हाइस ००७, तर:

सुडो एलएसओएफ /डेव्ह/बस/यूएसबी/००१/००७

कॅमेरा ज्याने उघडलाय त्याचं नाव समोर येईल. केबल काढून घातली की डिव्हाइसचा आकडा बदलतो, जुनाच टंकू नका.

तिरपा_प्रकाश

ड्रायव्हर=यूएसबीएफएस.

आणि एलएसओएफमध्ये एकच नाव: जीव्हीएफएसडी-जीफोटो२. हे महाशय कोण? मी तर यांना कधी बोलावलं नाही.

कर्नलकाकू

बोलावलंत की, केबल जोडलीत तेव्हाच. डेस्कटॉपवर ते कॅमेऱ्याचं चिन्ह उमटतं ना, ते यांचंच काम.

ग्नोम, सिनॅमन, माटे हे सगळे डेस्कटॉप जीव्हीएफएस (फाइल मॅनेजरच्या मागची यंत्रणा) वापरतात. त्यातला एक प्रोग्रॅम, जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर, नवा कॅमेरा आला का यावर लक्ष ठेवून असतो. आला की डेस्कटॉप तो आपणहून माउंट करतो आणि मग जीव्हीएफएसडी-जीफोटो२ त्याला धरून बसतो, तुम्हाला फोल्डरसारखे फोटो बघता यावेत म्हणून. हेतू चांगला आहे. पण तुम्ही टर्मिनलवरून जाता तेव्हा तो आधीच आत असतो. चिन्हातून फोटो दिसत होते आणि कमांड मात्र नापास होत होती, त्याचं कारण हेच.

सर्वांत साधा उपाय: फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावाशेजारच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करा. अनमाउंट झालं की ताबा सुटतो. केबल काढू नका. लगेच जीफोटोची कमांड द्या.

पळवाट

किंवा ‘किलऑल जीव्हीएफएसडी-जीफोटो२’. दर वेळी माउस कोण शोधणार?

झब्बू

दोन्ही तात्पुरतं झालं. कॅमेरा बंद-चालू केला की महाशय परत हजर. कायमचं हवं तर तो लक्ष ठेवणारा प्रोग्रॅमच मास्क करा, म्हणजे सुरूच होऊ देऊ नका:

सिस्टमसीटीएल --यूजर मास्क जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर

आणि एकदा लॉगआउट-लॉगइन. मग फाइल मॅनेजरला कॅमेरा दिसणारच नाही, जीफोटोला मोकळं रान. परत पूर्वीसारखं करायचं असेल तर मास्कच्या जागी अनमास्क.

कर्नलकाकू

मला मास्क करणं पटत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी त्याच लॉगिनवर फोटो उतरवायला कॅमेरा जोडला की ‘लॅपटॉप बिघडला’ म्हणून ओरड होते आणि आपण मास्क केल्याचं तोवर आपल्यालाच आठवत नसतं. काम चालू असेपर्यंत डेस्कटॉपच्या सेटिंगमधलं ऑटोमाउंट बंद ठेवा, नंतर चालू करा.

झब्बू

पण ऑटोमाउंट बंद केलंत की पेन ड्राइव्हही आपोआप उघडणार नाहीत. कॅमेऱ्याच्या भांडणात पेन ड्राइव्हला शिक्षा का? ज्याचा त्रास त्यालाच मास्क करावं.

निळी_शाई

दोघांचंही बरोबर आहे. तिरपा_प्रकाश, तुम्हाला अल्बमभर हेच काम करायचंय, तेव्हा मास्क करा आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिठ्ठी लावून ठेवा.

पळवाट

ते परमिशनचं मी उगाच नव्हतो म्हणालो. मला खरंच तो प्रश्न आला होता. घरच्या मशीनला एसएसएचने (नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवरून) जोडून जीफोटो चालवत होतो, ऑटो-डिटेक्ट व्हायचं पण पुढे काही नाही.

टर्मिनलबुवा

तो प्रकार वेगळा आणि तिथे तुमचं म्हणणं रास्त आहे. स्क्रीनसमोर लॉगिन केलेल्या माणसाला यूडेव्ह आणि सिस्टमडी (लिनक्समधले आतले व्यवस्थापक) मिळून कॅमेऱ्याची परवानगी देतात. एसएसएचने आलेला माणूस त्यांच्या लेखी समोर बसलेला नसतो, म्हणून त्याला ती मिळत नाही. तिथे यूडेव्हचा नियम लिहून एखाद्या ग्रुपला हक्क द्यावे लागतात. असाच गोंधळ व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टममध्ये दुसरी चालवणारा प्रोग्रॅम): तिथे आपला यूजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये नसेल तर आतल्या सिस्टमला यूएसबी दिसतच नाही.

फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या प्रकारच्या पॅकेजांमधून डिजिकॅम, डार्कटेबल टाकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, ती सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टमपासून वेगळ्या कप्प्यात, चालतात. टर्मिनलवर कॅमेरा सापडतो आणि प्रोग्रॅममध्ये सापडत नाही, असं झालं तर आधी तिकडे बघा.

सोमवारची_सुट्टी

मी फक्त फिल्मचा विनोद करायला आलो होतो, आता डोकं गरगरतंय.

तिरपा_प्रकाश

चाललं! मास्क केलं, लॉगआउट-लॉगइन केलं. एलएसयूएसबी -टी मध्ये ड्रायव्हर रिकामा, आणि कमांड देताच शटरचा खटका वाजला. फोटो थेट लॅपटॉपवर. अल्बमची पहिली काही पानं झालीसुद्धा.

दोन शंका उरल्या. एक, हे फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावर सापडत नाहीत, मला तिथेही एक प्रत हवी आहे. दोन, दर फोटोला कमांड टंकण्यापेक्षा सोपं काही?

टर्मिनलबुवा

पहिलं: ‘कॅप्चरटार्गेट’ नावाचं सेटिंग आहे. ‘जीफोटो२ --गेट-कॉन्फिग कॅप्चरटार्गेट’ देऊन पर्याय बघा, बहुधा ० म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी आणि १ म्हणजे कार्ड. ‘--सेट-कॉन्फिग कॅप्चरटार्गेट=१’ करा आणि फोटो काढायच्या कमांडला ‘--कीप’ जोडा, नाहीतर फोटो उतरवून झाल्यावर कार्डावरचा पुसला जातो.

दुसरं: ‘--इंटरव्हल’ला सेकंद द्या. पान उलटायला लागतो तेवढा वेळ ठेवलात तर जीफोटो स्वतःच फोटो काढत राहील. घाई वाटत असेल तर एन्टँगल टाका, त्यात खिडकीत बटण मिळतं आणि काढलेला फोटो लगेच मोठा दिसतो. डार्कटेबलमध्येही टेदरिंग (संगणकावरून कॅमेरा चालवणं) आहे. फक्त एका वेळी एकच चालू ठेवा, दोन चालवलीत की परत -५३.

इतर वाचकांसाठी: सगळेच कॅमेरे संगणकावरून शटर दाबू देत नाहीत, विशेषतः छोटे कॉम्पॅक्ट. कॅमेरा जोडून ‘जीफोटो२ --अॅबिलिटीज’ दिलं की कॅप्चरला पाठिंबा आहे की नाही ते कळतं.

निळी_शाई

केबलचं झालं, आता फोटोचं. फोकस मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर गुळगुळीत फोटोवर ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि कमांड तिथेच अडकते. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत, म्हणजे चकाकी लेन्समध्ये येत नाही. आणि कॅमेरा अल्बमला समांतर आहे का हे बघायला अल्बमच्या जागी एक सपाट आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आलं की झालं.

तिरपा_प्रकाश

आरशाची युक्ती माहीत नव्हती. दोन कडा तिरक्या येत होत्याच, आत्ता लावून बघतो.